आधीं काय बदलावें?

मोठ्या कुटुंबांत खर्चाचा प्रश्न निघाला म्हणजे रकमेपेक्षां क्रमाविषयींच वाद अधिक होतो. पैसे किती आहेत हें सर्वांस ठाऊक असतें. ते आधीं कोठें घालावे याविषयीं मात्र जितकीं माणसें तितकीं मतें. माडीवरचा पत्रा आधीं कीं न्हाणीघराची फरशी आधीं, या विवंचनेंत आमच्या छावणींतील घरानें दोन पावसाळे घालविले, व अखेर पत्र्यानेंच गळावयास आरंभ करून निकाल दिला. परंतु २०२५ च्या मे महिन्यांत जो वाद आमच्या घरीं झाला त्याचा विषय घराण्यास अगदीं अपरिचित असा होता. घरांतील संगणकाचा कोणता भाग काढून त्या जागीं नवा घालावा, हा तो विषय. आणि तोही विद्येसाठीं नव्हे, तर उघड उघड खेळासाठीं!

हा संगणक घरीं आला तो २०२१ च्या जूनमध्यें. करोनाच्या सांथीमुळें मुलांचे वर्ग घरांतूनच चालत. वडीलबंधूंची कन्या नुकती बारावी झालेली, धाकट्या बंधूंचा चिरंजीव नववींत, आणि दोघांत मिळून एक मोबाइल. यंत्र घेण्याचें काम कुटुंबानें आमच्याकडे सोपविलें, कारण 'यंत्रांतलें कळणारा' अशी घरांत आमची ख्याति आहे. ती आम्हीं एकदां शिवणयंत्राचा पट्टा बसवून मिळविली. त्यापलीकडे तिला आधार नाहीं. त्या दिवसांत ग्राफिक्स कार्ड म्हणून जो स्वतंत्र भाग पडद्यावरचीं चित्रें रेखण्याचें काम करतो, त्याचा जगभर दुष्काळ पडला होता. एकीकडे कारखान्यांचा माल अडलेला, आणि दुसरीकडे ईथरियम नामक आभासी चलनाची 'खाण' खणणाऱ्यांनीं कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे उचललेले. (पुढें २०२२ च्या सप्टेंबरांत ईथरियमनें आपली हिशेबाची पद्धतच बदलली, तेव्हां हा उपद्रव शमला.) कार्डास दुप्पट किंमत मोजणें आम्हांस शक्य नव्हतें. म्हणून ज्याच्या पोटांतच चित्रें रेखण्याची थोडीफार सोय आहे असा 'रायझेन ३ ३२००जी' हा प्रोसेसर घेतला. बी४५० जातीचा मदरबोर्ड, आठ जीबीच्या रॅमची एक पट्टी, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, आणि या सर्वांस वीज पुरविणारा एस्.एम्.पी.एस्.

या शेवटच्या वस्तूविषयीं येथेंच एक कबुली देऊन ठेवतों. दुकानदारानें दोन डबे आमच्यापुढें ठेवले होते. दोहोंवर ४५० वॅट असेंच छापलेलें. एक हाताला जड, दुसरा हलका. आणि जड तो अठराशें रुपयांनीं महाग. "काम दोन्ही एकच करतात," असें दुकानदार म्हणाला, आणि आम्हांस तरी तेंच ऐकावयाचें होतें. हलका डबा पसंत करून अठराशें रुपये वांचविल्याची वार्ता आम्हीं घरीं येऊन मोठ्या फुशारकीनें सांगितली, व वडीलबंधूंनीं आमची पाठही थोपटली.

चार वर्षें यंत्र चाललें. पुतणी त्यावर अभियांत्रिकीचीं रेखाटनें करी, पुतण्या अभ्यास करी व अभ्यासाहून अधिक वेळ खेळे. आमच्या आईचाही त्या यंत्राशीं एक संबंध होता. आमचे वडील २०१९ सालीं निवर्तले. त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांत पुतणीनें मोबाइलवर त्यांचा आवाज धरून ठेवला होता: घराण्याची हकीकत, त्यांच्या मातोश्री म्हणत तीं स्तोत्रें, १९४८ च्या सप्टेंबरांतील पोलिस ॲक्शनच्या दिवसांत बारा वर्षांच्या मुलानें पाहिलेली ही छावणी. अशीं एकंदर ४१ मुद्रणें होतीं. तो मोबाइल पुढें फुटला. मुद्रणें तेवढीं संगणकाच्या हार्ड डिस्कवर राहिलीं. दर महिन्यास वडिलांच्या तिथीला आई संगणकापाशीं खुर्ची ओढून बसे आणि नातवास सांगे, "अरे, सतरावें लाव."

५ मे रोजीं बारावीचा निकाल लागला. पुतण्यास चांगले गुण पडले, आणि आजीनें आपल्या पेन्शनींतून त्याला अकरा हजार रुपये दिले. त्याचे स्वतःचे साठविलेले नऊ हजार होते. वीस हजारांची बेरीज होतांच त्यानें वहीचें एक पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें: 'आर्. एक्स्. ६६००'. हें एका ग्राफिक्स कार्डाचें नांव. २०२१ च्या ऑक्टोबरांत निघालेलें, आठ जीबीची स्वतःची स्मृति असलेलें, आणि बेताच्या ऐपतीच्या खेळाडूंत फार नांवाजलेलें. किंमत वीस हजारांच्या घरांत. म्हणजे सर्व रक्कम एका वस्तूंत संपणार.

पैसे मुलाचे असले तरी यंत्र घराचें. तेव्हां विषय सभेपुढें आलाच. आमच्या घरीं सभा रात्रीं जेवणानंतर ओट्यावर भरते, कारण मे महिन्यांत दिवसा छावणींत माणसानें बोलावें असें हवामान नसतें. वडीलबंधु बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं प्रथम खेळाचें नांव विचारलें. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हें नांव ऐकून त्याचा अर्थ त्यांनीं मोठ्यानें मराठींत सांगितला, आणि "म्हणजे मोटारी चोरावयाच्या?" असा प्रश्न केला. पुतण्यास त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं, कारण त्या खेळांत खरोखरच मोटारी चोरतात. पुढें वडीलबंधूंनीं मोबाइलवर पैसे लावून खेळतात त्या खेळांची गोष्ट काढली. ते खेळ निराळे (त्यांवर पुढें ऑगस्टांत संसदेनें कायदा करून बंदीही घातली). परंतु त्या रात्रीं त्यांच्या मनांत सारे एकाच पंक्तीला बसले होते. पुतण्या म्हणाला, "मोठेकाका, यांत एक पैसाही लावीत नाहींत. आणि २०२३ सालीं हांगझाऊला आशियाई खेळांत असल्या खेळांना पदकें होतीं." वडीलबंधु म्हणाले, "मग तूं पदक आण, कार्ड मी देतों." सभा हंसली, मुलगा हंसला नाहीं.

आईनें मात्र त्याची बाजू घेतली, आणि तीही माहितीनिशीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा एक खेळ काढला आहे. राक्षसांनीं पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधावयास निघालेली मुलगी, आणि तिला आयुधें देणारे दुर्गा-विष्णु, असें त्याचें कथानक. आजीनें तो नातवाच्या शेजारीं बसून अर्धाअधिक पाहिला होता. तिचें म्हणणें एवढेंच, कीं ती मुलगी उडी मारावयाच्या वेळींच अडखळते, आणि खालीं पडते. "तेवढें तिचें नीट करा," असें ती म्हणाली.

ती मुलगी कां अडखळते हा खरा प्रश्न होता, व तो पुतणीनें उचलला. पडद्यावरचें हालतें चित्र म्हणजे वस्तुतः एकामागून एक येणारीं स्थिर चित्रें. सेकंदाला साठ आलीं तर डोळ्यांस सलग वाटतात. तीसच्या खालीं गेलीं, किंवा मध्येंच खंड पडला, कीं अडखळ जाणवते. एकेक चित्र तयार होण्याकरितां प्रोसेसरनें खेळाचा हिशेब करावा, चित्रकारानें तें रेखावें, रॅमनें सामग्री पुरवावी, आणि हार्ड डिस्कवरून नवा माल वेळेवर यावा, अशी सांखळी असते. पुतणीनें हें समजावून सांगितलें तेव्हां आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे पोळ्या लाटावयास तिघी बसल्या आणि तवा एकच असला, तशांतली गत." यानंतर सभेंत 'तवा कोणता?' हीच परिभाषा रूढ झाली.

तवा ओळखण्याची युक्ति आम्हांस फार आवडली, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. पूर्ण आकाराच्या चित्रांत १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. तोच खेळ १२८० गुणिले ७२० या मापावर लावला तर ठिपके ९,२१,६०० च राहतात. प्रोसेसरचा हिशेब दोहोंत जवळजवळ तितकाच. रेखण्याचें काम मात्र निम्म्याहून कमी. तेव्हां माप लहान करतांच चित्रांचा वेग वाढला, तर अडवणूक रेखणाऱ्याची. न वाढला तर प्रोसेसरची. त्यास एक दमडी लागत नाहीं. पुतणी व पुतण्या दोघांनीं दुसऱ्या दिवशीं पहांटे, यंत्र गार असतां, हा प्रयोग केला. मोठ्या मापावर सेकंदाला ३४ चित्रें, लहान मापावर ५२. पुतण्याचा चेहरा उजळला: तवा रेखणाऱ्याचाच! कार्ड घ्यावयाचें ठरलेंच जणूं.

मध्यें एक फांटाही फुटला होता. कार्डाच्या निम्म्या किमतींत 'रायझेन ५ ५६००' हा प्रोसेसर मिळतो, सहा गाभ्यांचा, जुन्याच मदरबोर्डावर बसणारा; तोच कां घेऊं नये, असें एका मित्रानें मुलाच्या मनांत भरविलें. मदरबोर्डाची आंतील आज्ञावली नवी करून घ्यावी लागते एवढेंच. परंतु नांवाच्या शेवटीं 'जी' हें अक्षर नाहीं, म्हणजे या प्रोसेसराच्या पोटांत चित्रें रेखण्याची सोय नाहीं. निराळें कार्ड नसतां तो बसविला तर पडदा काळाच राहील. एका अक्षराच्या अभावीं केवढा घोटाळा झाला असता! तो फांटा तेथेंच तोडला.

पुतणीनें मात्र आणखी एक प्रश्न केला: रेखणारा हळू आहे, कीं त्याला सामग्रीच हळूहळू मिळते आहे? ज्या कार्डास स्वतःची स्मृति असते तें आपल्या ताटांतलें जेवतें; परंतु प्रोसेसराच्या पोटांतला चित्रकार घरच्या सामाईक रॅममधूनच घेतो. आणि आमच्या यंत्रांत रॅमच्या दोन जोडवाटा असून पट्टी एकच होती, म्हणजे एक वाट चार वर्षें ओस पडली होती. एका वाटेनें सेकंदाला सुमारें २३ अब्ज बाइट जातात. दोन्ही भरल्या तर त्याच्या दुप्पट.

हें ऐकतांना आम्हांस पाणचक्की आठवली. छावणींतून खाम नदी ओलांडली कीं बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत ती आहे. लहानपणीं वडील आम्हांस तेथें पायीं नेत. डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जातें फिरविण्याची ती युक्ति. त्या पिठाच्या भाकरी यात्रेकरूंना व फकिरांना मिळत. वडील आम्हांस जात्यापाशीं फार वेळ उभे राहूं देत नसत. "जातें काय पाहतां? पाणी कोठून येतें तें पहा," असें म्हणून ते त्या नळांच्या मार्गाकडे बोट दाखवीत. आम्हीं ही आठवण सभेंत सांगितली. पुतण्या म्हणाला, "काका, तें ठीक आहे, पण पट्टी सोळाशें रुपयांची, तिनें असा कितीसा फरक पडणार?" वस्तु स्वस्त असली म्हणजे तिच्यावर विश्वास बसत नाहीं, आणि अठराव्या वर्षीं मनुष्यास रॅमची पट्टी हवीहवीशी वाटावी अशी अपेक्षा करणेंही अन्यायाचें आहे.

अशा स्थितींत ठराव अर्धवट राहिला. वडीलबंधूंचें मत कांहींच घेऊं नये, पुतणीचें पट्टी घ्यावी, आईचें मुलाला हवें तें द्यावें. आणि आम्ही अध्यक्ष या नात्यानें सर्वांचें म्हणणें बरोबर आहे असें म्हणत होतों.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं माजघरांत जळकट वास आला. सौ. स्वयंपाकघराकडे धांवल्या, आम्ही देवघराकडे. परंतु वास संगणकाचा होता. एक बारीक चटका उडाल्यासारखा आवाज झाला, घरची वीज गेली, आणि कॅबिनेटच्या पाठीमागून धुराची एक रेघ निघाली. पुतण्यानें भिंतींतील तार उपटून यंत्र ओट्यावर आणलें, उघडलें, आणि आमचा तो हलका डबा बाहेर काढून आमच्यापुढें ठेवला. तो कांहीं बोलला नाहीं. अठराशें रुपये वांचविल्याची कथा त्यानें चार वर्षांत निदान दहा वेळां आमच्याच तोंडून ऐकली होती.

या डब्याचें काम घरच्या २३० व्होल्टच्या विजेपासून यंत्रास हवे ते १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देण्याचें. चांगला डबा बिघडला तर स्वतः बंद पडतो. हलका बिघडला तर कधीं कधीं भलताच दाब पुढें ढकलतो, आणि मग मदरबोर्ड, हार्ड डिस्क, जें समोर येईल तें जळतें. हें पुतणीनें सांगितलें, आणि सांगतां सांगतां ती एकदम थांबली. आजोबांचीं मुद्रणें! सर्वांच्या मनांत तीं एकाच क्षणीं आलीं. आई झोपाळ्यावर बसली होती, तिनें फक्त एवढेंच विचारलें, "त्यांचा आवाज त्यांतच होता ना रे?"

त्या दिवशींचें आमचें वर्तन येथें लिहावयाचें आहे, आणि तें लिहिणें जड जात आहे. संध्याकाळीं सात वाजतां पुतण्यानें हार्ड डिस्क काढली, एका फडक्यांत गुंडाळली, व कोणास कांहीं न सांगतां सायकल काढून निघून गेला. रात्रीं आठ झाले, नऊ झाले; त्याचा मोबाइल लागेना. त्याच्या एका मित्राकडे मोठें खेळाचें यंत्र आहे हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं सर्वांच्या देखत म्हटलें, "घरांत आई रडते आहे, आणि याला आपला खेळ कोठें तरी पुरा करावयाचा आहे! खेळाखेरीज या मुलाच्या डोक्यांत दुसरें कांहीं नाहीं." धाकटे बंधु वाळूजच्या कारखान्यांतून नुकतेच आले होते. आपल्या मुलाविषयींचे ते शब्द त्यांनीं मान खालीं घालून ऐकले. आम्ही त्यांच्याहून वडील, म्हणून ते उलट बोलले नाहींत. त्यांच्या पत्नी उठून आंत गेल्या.

अकरा वाजतां सायकल वाजली. मुलगा घामानें भिजलेला होता. त्यानें खिशांतून एक पेन ड्राइव्ह काढून आजीच्या हातांत दिला आणि सांगितलें, "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आहेत. मीं सगळीं लावून पाहिलीं, म्हणून वेळ लागला. आणखी दोन प्रती केल्या आहेत." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, डिस्क जळली नाहीं. पण ती म्हातारी झाली आहे. तपासणींत कांहीं भाग निकामी झालेले दिसतात. आधीं डिस्क बदलली पाहिजे, आणि चांगला एस्.एम्.पी.एस्. घेतला पाहिजे. कार्ड राहूं दे."

आम्हीं त्याच्या गैरहजेरींत काय म्हटलें तें त्याला कोणीं सांगितलें होतें कीं नाहीं, हें आम्हांस आजही माहीत नाहीं. त्या रात्रीं आमच्यानें एक शब्द बोलवला नाहीं. पहांटे धाकटे बंधु पाणी भरावयास उठले तेव्हां त्यांच्यापाशीं जाऊन म्हटलें, "काल आम्ही चुकलों." ते म्हणाले, "असूं दे, दादा. बादली धरा."

दुसरे दिवशीं दुकानांत आम्ही मुलाबरोबर गेलों, पण या खेपेस पिशवी धरावयास. त्यानें प्रथम एस्.एम्.पी.एस्. मागितला. २००४ सालापासून या डब्यांस '८० प्लस' म्हणून एक प्रमाणपत्र देण्याची रीत आहे: घेतलेल्या विजेपैकीं निदान शेंकडा ८० कामीं लावली पाहिजे, उरलेली उष्णतेंत गेली तर चालते. मुलगा वॅटचा आंकडा पाहत नव्हता. बाजूला चिकटविलेल्या कोष्टकांत १२ व्होल्टच्या रकान्यांत किती अँपिअर लिहिले आहेत तें वाचीत होता, कारण खरा भार त्याच रकान्यावर पडतो, आणि हलक्या डब्यांची लबाडीही तेथेंच उघडी पडते. त्यानें ५५० वॅटचा निवडला, पुढेंमागें कार्ड बसवितां यावें म्हणून. त्या कार्डास एकट्यालाच १३२ वॅटपर्यंत लागतात. तो ४,२०० रुपयांस पडला. आम्हीं हातांत घेऊन पाहिला. चांगला जड होता. नंतर एक टेराबाइटची एस्.एस्.डी., म्हणजे न फिरणारी डिस्क, ५,००० रुपयांस. आणि पुतणीच्या आग्रहावरून रॅमची दुसरी पट्टी, पहिलीच्याच वेगाची, १,६००. बेरीज १०,८००. आजीच्या अकरा हजारांतले दोनशें उरले, त्यांत प्रोसेसरावर लावावयाचा उष्णतावाहक लेप घेतला. स्वतःच्या नऊ हजारांस त्यानें हात लावला नाहीं.

यंत्र जोडण्यापूर्वीं झाडलें, तेव्हां पंख्यांतून निघालेली धूळ पाहून सौ. चकित झाल्या. छावणींत दर गुरुवारीं बाजार भरतो, जनावरांचाही. त्या दिवशीं धुळीचा लोट आमच्या माजघराच्या खिडकीपर्यंत येतो, आणि खिडकीखालींच आम्हीं यंत्र मांडलें होतें. तें आतां आंतल्या खोलींत हलविलें आहे. जुना लेप वाळून खडूसारखा झाला होता. नुसत्या झाडण्यानें व नव्या लेपानें दुपारचें प्रोसेसराचें तापमान ९१ अंशांवरून ७८ वर उतरलें. हा दोनशें रुपयांचा भाग आमच्या सभेच्या यादींत मुळीं नव्हताच.

मग मोजमाप. यंत्र सुरू केल्यापासून खेळ हातीं येईपर्यंत पूर्वीं चार मिनिटें दहा सेकंद लागत. आतां एक मिनिट पांच सेकंद. पुतणीनें येथें आम्हांस जीन अमडाल या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९६७ सालचा विचार सांगितला: एकूण वेळांतला जो अंश एखादा भाग खातो, तेवढ्यापुरताच तो भाग सुधारल्याचा लाभ. शंभर सेकंदांतले ऐंशी डिस्कची वाट पाहण्यांत जात असतील, तर प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणूनही वांचणार दहाच. आणि रॅमच्या पट्टीनें काय केलें? मोठ्या मापावर ३४ चित्रें येत होतीं, तेथें ४७ येऊं लागलीं. साठ नव्हेत, हें खरें. वर्णन करतांना मुलगा तें लपवीत नाहीं. पण 'राजी'तली ती मुलगी उड्या मारतांना पूर्वींसारखी अडखळत नाहीं, आणि आजीनें तो खेळ श्रावणांत शेवटपर्यंत पाहिला. पुतणीचीं अवजड रेखाटनें आठ जीबींत उघडतांना यंत्र गुदमरत असे. तीं सोळांत सुखानें उघडूं लागलीं, हा लाभ निराळा.

त्या पट्टीच्या बाबतींत आम्हीं शहाणपण केलें असें कोणी म्हणेल, परंतु तो निव्वळ योग होता. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठीं सारे कारखाने त्यांच्या जातीची स्मृति बनवूं लागले, आमच्या यंत्रांतल्या जुन्या डी.डी.आर.४ जातीचें उत्पादन आवरतें घेतलें गेलें, आणि डिसेंबरांत मायक्रॉन कंपनीनें 'क्रुशियल' या नांवाचा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करीत असल्याचें जाहीर केलें. वडीलबंधूंनीं हें वर्तमानपत्रांत वाचलें, व संध्याकाळीं ओट्यावर चष्मा पुसत विचारलें, "कां रे, ती सोळाशेंची पट्टी आतां विकली तर?" बँकेंतील नोकरीनें लावलेली दृष्टि निवृत्तीनंतरही सुटत नाहीं. पुतण्या म्हणाला, "मोठेकाका, मग आजीची मुलगी पुन्हां पडेल." तो प्रस्ताव तेथेंच बारगळला.

कार्ड अद्याप आलेलें नाहीं. मदरबोर्डावरची ती लांब खांच रिकामीच आहे, आणि मुलाचे नऊ हजार आतां साडेतेरा झाले आहेत. महाविद्यालयांतून येतांना दोन मुलांच्या शिकवण्या करतो. मधून मधून तो आम्हांस भाव दाखवितो, व आम्ही कोष्टकांतला १२ व्होल्टचा रकाना कोठें असतो तें त्याच्याकडून शिकून घेतलें असल्यामुळें त्याच्या बोलण्यांत थोडा भागही घेतों.

परवां वडिलांची तिथि होती. तो खेळांत पार गढून गेला होता. कोणी तरी मोटार घेऊन पळत होतें आणि मागून पोलिस. आईनें नेहमींप्रमाणें खुर्ची ओढली आणि म्हटलें, "अरे, सतरावें लाव." त्यानें मोटार रस्त्यांत तशीच उभी केली.